मांडीवरची गिटार

बरेच दिवस इथे काही लिहिलं नव्हतं. कारण विचाराल तर हातांना सतत सोल्डर आणि फेव्हिकॉल लागलेलं होतं! गेले वर्षभर दर शनिवार-रविवार मी घरच्या घरी विजेची गिटार बनवत होतो. घरच्यांनी आधी कौतुक केलं, मग दुर्लक्ष केलं आणि शेवटी "बाल्कनी परत कधी मिळणार?" असं विचारायला सुरुवात केली. तर मंडळी, गिटार झाली. वाजतेसुद्धा. पण आज लिहायचंय ते तिच्याहून चाळीसेक वर्षं जुन्या असलेल्या दुसऱ्या एका गिटारीबद्दल. आमच्या नात्यातल्या वाचकांना ती 'भाऊकाकांची टेलिफोनची गिटार' म्हणून आठवत असेल. म्हणजे हसण्यासाठी आठवत असेल.

आमचं मूळ घर हेदवीला. गुहागर तालुक्यातलं समुद्राकाठचं गाव. बाहेरच्या लोकांना ते टेकडीवरच्या दशभुज लक्ष्मीगणेशाच्या देवळामुळे माहीत असतं, नाहीतर बामणघळीमुळे. उमामहेश्वराच्या देवळाजवळ कातळात एक अरुंद भेग आहे, भरतीला लाट तिच्यात घुसते आणि धडाडत वर उसळते, तीच बामणघळ. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा आमच्या घराची अर्ध्या भागाची कौलं उडाली. पावसाळ्याआधी छप्पर करायचं म्हणून माळा रिकामा केला. तांब्याची हंडी, तुटका पाळणा, पंचांगांचा गठ्ठा आणि गोणपाटात गुंडाळलेली ती गिटार.

भाऊकाका रेडिओ दुरुस्त करायचे. दुकान वगैरे नव्हतं, पडवीत एक टेबल होतं. गणपतीत आणि शिमग्याला कर्णे-अँप्लिफायर लावायचं कामही त्यांच्याकडेच. ही गिटार त्यांनी साधारण १९७९ साली केली असावी (काकूचा हिशोब माझ्या चुलतभावाच्या जन्मावरून आहे, त्यामुळे पक्का). १९८६ च्या गणपतीत मी हॉस्टेलवरून घरी आलो तो कोलकात्याची गिवसन गिटार गळ्यात अडकवून. तीन कॉर्ड येत होते आणि शिंगं चार फुटली होती. भाऊकाकांनी हौसेने आपली गिटार काढली, पाटावर बसले, मांडीवर आडवी ठेवली, डाव्या हातात खिडकीच्या गजाचा एक घासून गुळगुळीत केलेला तुकडा धरला आणि तारांवरून सरकवत एक सिनेमाचं गाणं वाजवलं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "काका, गिटार अशी आडवी ठेवून नाही वाजवत. आणि ही सळई कशाला घासताय?" सगळे हसले. काकाही हसले, म्हणाले, "असं होय?" आणि गिटार उचलून आत घेऊन गेले.

त्यानंतर ती त्यांच्या हातात मी पाहिली नाही. २०१२ मध्ये ते गेले.

माळ्यावरून गिटार खाली आली तेव्हा हे सगळं आठवलं आणि बरं वाटलं नाही. म्हटलं, निदान आपण काय बोललो होतो ते बरोबर होतं का, एवढं तरी पाहावं. म्हणून वाचत गेलो.

तर, आडवी ठेवून वाजवायची गिटार ही हवाई बेटांवरची पद्धत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी मुलाला रेल्वेच्या रुळाकडेला एक बोल्ट सापडला, तो त्याने तारांवर सरकवून पाहिला आणि स्वर घसरत गेला, अशी कथा सांगतात. कथा किती खरी ते सोडून द्या, पण केकुकूने पुढे ही पद्धत अमेरिका-युरोपात नेली हे नक्की. १९१५ नंतर अमेरिकेत हवाई संगीताचं वेडच लागलं. आणि इथेच एक अडचण आली. गिटार मांडीवर आडवी ठेवली की तिचा आवाज श्रोत्यांकडे न जाता छताकडे जातो! शेजारी ट्रंपेट-ड्रम वाजायला लागले की गिटारवाला फक्त हात हलवताना दिसणार.

ही अडचण सोडवायला बसला तो जॉर्ज बोशाँ, स्वतः हवाई गिटार वाजवणारा. त्याचं तत्त्व साधं होतं आणि फॅरेडेने १८३१ मध्ये सांगून ठेवलेलं होतं. लोहचुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे द्यायचे. वर पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं, वेढ्यांत वीज निर्माण होते, ती अँप्लिफायरला द्यायची. १९३१ मध्ये लाकडाचा नमुना झाला, १९३२ मध्ये अडॉल्फ रिकनबॅकरच्या साथीने अॅल्युमिनियमची गिटार बाजारात आली. गोल पोट आणि लांब दांडा, म्हणून लोक तिला 'फ्राइंग पॅन' म्हणू लागले. पेटंट हातात पडायला १९३७ साल उजाडलं. बाजारात जम बसवलेली जगातली पहिली विजेची गिटार ती हीच.

आणि ती मांडीवर आडवी ठेवून, सळई सरकवून वाजवायची होती.

हे वाचलं तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते. उठून पाणी प्यायलो. म्हणजे १९८६ च्या गणपतीत माझी चूक होती आणि काकांचं बरोबर होतं. गळ्यात पट्टा अडकवून वाजवायची, आपल्याला पोस्टरवर दिसते ती भरीव लाकडाची गिटार नंतरची. ती आणणारा लिओ फेंडर कोण होता? कॅलिफोर्नियात फुलर्टन गावी १९३८ पासून त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं! त्याला स्वतःला गिटार वाजवताही येत नव्हती. १९४५ च्या सुमाराला एका भागीदाराबरोबर त्याने आधी केल्या त्या मांडीवरच्याच गिटारी, आणि मग १९५० मध्ये ती प्रसिद्ध फळीसारखी गिटार, जिला १९५१ पासून टेलिकास्टर म्हणतात.

लेस पॉलची गोष्ट तर आणखी जवळची. विस्कॉन्सिनमधल्या वॉकेशा गावातल्या या पोराने रेल्वेच्या रुळाचा दोनेक फुटांचा तुकडा घेतला, त्यावर तार ताणली, खाली टेलिफोनचा रिसीव्हर ठेवला आणि आईच्या रेडिओतून आवाज काढला. हे त्याने स्वतःच पुढे अनेकदा सांगितलं. १९४० च्या आसपास न्यूयॉर्कमध्ये एका गिटार कारखान्यात रविवारी सुट्टीच्या दिवशी जाऊन त्याने चार इंची चौरस ओंडक्याची गिटार केली. नावही 'लॉग', म्हणजे ओंडकाच. नुसता ओंडका वाजवला तर लोकांना रुचेना. मग त्याने एक जुनी गिटार उभी कापून तिचे दोन अर्धे दोन बाजूंना चिकटवले. आवाज तोच, पण आता लोक टाळ्या वाजवू लागले! गिब्सन कंपनीने तो ओंडका आधी हसण्यावारी नेला होता, त्याच कंपनीने १९५२ मध्ये लेस पॉलच्या नावाची गिटार काढली.

आता काकांच्या गिटारीकडे येतो. तिचं पोट म्हणजे फणसाच्या लाकडाची एक फळी, दीड इंच जाड. फणस आमच्याकडे दारात असतो म्हणून फणस, असं मी समजत होतो. पण दक्षिणेत तंजावरची वीणा फणसाचीच करतात, आणि मृदंगाचं खोडसुद्धा. मागची पत्र्याची पट्टी उघडली. आत टेलिफोनचा रिसीव्हर होता, जुन्या काळ्या फोनचा, बहुधा चिपळूणच्या भंगारातला. पुढची पातळ लोखंडी चकती काढून टाकलेली आणि आतले चुंबकाचे दोन ध्रुव तारांच्या खाली अगदी जवळ आणून बसवलेले. रिसीव्हरमध्ये एरवी ती चकती हलते, इथे तिच्या जागी तारा हलतात.

एवढ्यावर भागलं नसतं. रिसीव्हरच्या कॉइलला वेढे कमी, त्यामुळे तिच्यातून येणारा व्होल्टेज अगदी क्षीण. त्यासाठी काकांनी ट्रान्झिस्टर रेडिओतला छोटा आउटपुट ट्रान्सफॉर्मर उलटा जोडलेला होता, म्हणजे व्होल्टेज वाढतो. मी इंजिनियर आहे, पण हे मला कुणी न सांगता सुचलं असतं का याची शंका आहे. बाहेर आलेल्या वायरीला दोन पिना. त्या मर्फीच्या जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओला मागे ग्रामोफोन जोडायची भोकं असत, तिथे खोचायच्या. हेदवीच्या पडवीत आणि वॉकेशाच्या त्या घरात एकच जोडणी झाली होती, मध्ये पन्नासेक वर्षं होती इतकंच. काकांनी लेस पॉलचं नाव ऐकलं असेल असं मला वाटत नाही.

मग त्यांनी गिटार ऐकली कुठे? रेडिओवर, दुसरं कुठे! १९४० च्या दशकात हवाईचे टाऊ मो आणि त्यांचं कुटुंब काही वर्षं कोलकात्यात राहिलं, त्यांनी तिथे अनेकांना ही गिटार शिकवली. पुढे सुनील गांगुलींसारखे वादक सिनेमाची गाणी तिच्यावर वाजवू लागले. मुंबईच्या सिनेमात हजारा सिंग होते. लखनौहून आलेले व्हॅन शिपले होते, त्यांची आठ तारांची विजेची गिटार त्यांनी स्वतःच योजून केलेली होती. ते २००८ मध्ये मुंबईत वारले. दोन कार्यक्रमांच्या मधली मोकळी मिनिटं भरायला आकाशवाणीवर या लोकांच्या तबकड्या लागत. काकांना ठाऊक असलेली गिटार म्हणजे ही. ती दिसते कशी हे कळायला मार्गच नव्हता, पण तिचा स्वर घसरतो हे कानांना कळत होतं.

आणि हात तयार झाला होता तो बेंजोवर. आता हा बेंजो म्हणजे अमेरिकन कातडी बॅन्जो नव्हे हं. गणपतीच्या मिरवणुकीत, हळदीला, गोविंदाला जो वाजतो तो. बटणं दाबून उजव्या हाताने तारा छेडायच्या. मूळचा तो जपानी. नागोया शहरातल्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली, तैशो सम्राटाच्या कारकिर्दीच्या पहिल्याच वर्षी तो बनवला म्हणून नाव तैशोगोतो. बटणं सुचली टाइपरायटरवरून. तिथून तो जहाजांबरोबर निघाला आणि अरबी समुद्राचा अख्खा काठ त्याने धरला. बलुचिस्तानात तो बेंजू झाला, मालदीवमध्ये पोचला, पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्वाहिली गाण्यांच्या साथीला बसला. आपल्याकडे पेटीवाल्यांच्या दुकानात तो बुलबुल तरंग आणि रस्त्यावर बेंजो. मुंबईत कुणीतरी त्याला पिकअप लावला, अँप्लिफायरला जोडला, टेंपोवर कर्णे चढवले आणि बेंजो पार्टी तयार झाली. आमच्या गावात तो आला तो मुंबईच्या चाकरमान्यांबरोबर. वाडीतल्या पोरांच्या बेंजोला पिकअप लावून द्यायचं काम भाऊकाकांचं. तिथे उरलेल्या तारा, चाव्या आणि शिकलेली विद्या यातूनच ही गिटार झाली.

मला यात एक गोष्ट फार लागली. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब शिकलगार यांनी सतारी बनवायला सुरुवात केली. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे. हत्यारांचं काम संपत आलं आणि तेच हात तारांकडे वळले. आज मिरजेच्या सतार-तंबोऱ्याचं नाव सगळीकडे आहे, २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. ते योग्यच. पण विजेवरच्या बेंजोला पहिला पिकअप कुणी लावला, कुठल्या चाळीत, कुठल्या वर्षी? कुठेच नोंद नाही. २०१६ मध्ये रवी जाधवांनी 'बँजो' नावाचा हिंदी सिनेमा काढला तेवढाच. फेंडर आणि काका दोघेही रेडिओ दुरुस्त करणारेच. एकाने कारखाना काढला, त्याचा इतिहास झाला. दुसऱ्याची वस्तू पडवीतून माळ्यावर गेली. आणि ती माळ्यावर घालवण्यात माझा हात होता.

असो.

मग ठरवलं की आपणही एक करायची, त्यांच्याच मापाने. छपराचं काम करताना फणसाची एक तुळई निघाली होती, तिचा तुकडा पुण्याला आणला. (जुन्या घराच्या लाकडाची गिटार ही काही माझी कल्पना नव्हे. 'क्वीन'च्या ब्रायन मेने १९६३ पासून वडिलांबरोबर घरी गिटार केली तिचा दांडा शंभर वर्षं जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाचा, आणि तीच गिटार तो जन्मभर वाजवतोय. त्याचा जोडीदार फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीत शाळेला होता हे तुम्हाला माहीत असेलच.) पिकअप मात्र मी स्वतः गुंडाळायचं ठरवलं. पुस्तकात ४२ गेजची तार लिहिली होती. लॅमिंग्टन रोडवरून ४२ गेजची आणली. तीन हजार वेढ्यांतच रीळ भरलं, द्यायचे होते सात-आठ हजार! दोन दिवस डोकं धरून बसलो. मग कळलं की पुस्तकातलं गेज अमेरिकन आणि दुकानातलं ब्रिटिश. अमेरिकन ४२ म्हणजे ०.०६३ मिलिमीटर, ब्रिटिश ४२ म्हणजे ०.१०. आपल्याकडे मागायची ती ४६ नंबरची. केसापेक्षा बारीक, श्वास सोडला तरी तुटते. दुसऱ्या खेपेला ती ६,२०० वेढ्यांवर तुटली, तिसऱ्या खेपेला जमली. कुणी करणार असाल तर एवढं लक्षात ठेवा, तुमचे दोन दिवस वाचतील.

नंतर काकांच्या गिटारीवरच्या खुणा मोजल्या. या गिटारीला पडदे नसतात, फक्त कुठला स्वर कुठे ते दाखवणाऱ्या रेघा असतात. काकांनी पितळी पत्र्याच्या बारीक पट्ट्या ठोकल्या होत्या. तारेची लांबी २४ इंच. गॅलिलिओचे वडील व्हिन्सेंझो गॅलिलेई हे ल्यूट वाजवणारे. त्यांनी १५८१ च्या ग्रंथात पडदे लावायला १८ ला १७ असं प्रमाण सांगितलं. आज त्याच जागी १७.८१७ हा आकडा वापरतात. त्या हिशोबाने मी कागदावर मापं काढली आणि पट्टी लावून बघत गेलो. वरचा सा बरोबर १२ इंचांवर. पंचम ७.९८ वर हवा, काकांचा ८ वर, फरक जवळजवळ नाहीच. पण गंधार हवा ४.९५ इंचांवर, आणि काकांची पट्टी होती ४.८ वर. जवळजवळ चार मिलिमीटरची चूक!

खरं सांगतो, क्षणभर बरं वाटलं. म्हणजे अगदीच काही देवमाणूस नव्हते काका.

मग भाजीवाल्याच्या कागदावर मागे सहज भागाकार केला. २४ चा पाचवा हिस्सा ४.८. तारेचे चार पंचमांश उरले की जो स्वर येतो तो तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार, पाचास चार या प्रमाणातला. पेटीचा गंधार त्याहून किंचित चढा असतो, आणि माझं कोष्टक पेटीचं होतं. काकांकडे कोष्टक नव्हतंच. मोकळी तार छेडायची, सळई सरकवायची आणि जिथे दोन्ही मिळून शांत वाटतं तिथे खूण करायची, असंच त्यांनी केलं असणार. पंचमसुद्धा ८ म्हणजे नेमका एक तृतीयांश. चूक माझ्याच पट्टीत होती... दुसऱ्यांदा.

माझ्या गिटारीवर मग मी गंधाराची खूण ४.८ वर केली.

गेल्या गणपतीत दोन्ही गिटारी घेऊन हेदवीला गेलो. काकांच्या गिटारीच्या तारा नव्या घातल्या, एक सोल्डर सुटलं होतं ते लावलं, बाकी काही केलं नाही. मर्फी आता नाही, म्हणून छोट्या अँप्लिफायरला जोडली. आधी गुरगुर आली, तिच्यामागून स्वर. माझ्यापेक्षा त्यांचीच गोड वाजते, हे लिहिताना मला अजिबात वाईट वाटत नाही. पाटावर मांडी घालून बसलो, आडवी ठेवली आणि तोच गजाचा तुकडा घेऊन जमेल तसं एक गाणं सरकवत नेलं. वाजवायला मला अजून येत नाही, सूर सापडेपर्यंत गाणं पुढे निघून जातं.

काकू स्वयंपाकघरातून बाहेर आली. वय ऐंशीच्या पुढे, ऐकू कमी येतं. दारात उभी राहून थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाली, "पुरे हो आता, लोक झोपलेत." मग माझ्याकडे नीट बघितलं आणि पदर सारखा करत आत गेली. मला ती एरवी 'अरे' म्हणते.

गिटार परत माळ्यावर ठेवलेली नाही. पडवीत, त्यांच्या टेबलाच्या वर भिंतीला टांगली आहे. वाडीतली बेंजोवाली पोरं दुसऱ्या दिवशी येऊन बघून गेली. त्यातल्या एकाने मागचा पत्रा उघडायला लावला, मोबाईलवर फोटो काढले आणि विचारलं, "हा ट्रान्सफॉर्मर उलटा का जोडलाय?" मी समजावून सांगितलं. माझ्या आधी हे त्यांना कुणी सांगायला हवं होतं ते नात्यातल्या मंडळींना कळलं असेलच.

तुमच्या माळ्यावर असलं काही असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी एकदा मागचा पत्रा उघडून बघा. आणि ज्याने केलं तो असेल तर त्यालाच विचारा. माझं तेवढं राहून गेलं.